सनदेची परीक्षा मराठीत, मग प्रवेशाची का नाही?

मी केळापूरच्या न्यायालयात वकिली करते आणि रविवारी पांढरकवड्यात बारावीच्या मुलामुलींकडून कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेते. त्याची फी घेत नाही. हे काम अंगावर घेतलं, कारण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली मुलं कायद्याकडे वळतात ती फार उशिरा. बीए होतं, स्पर्धा परीक्षांच्या मागे काही वर्षं जातात, पोलीस भरती थोडक्यात हुकते आणि मग कोणीतरी सुचवतं, ‘एलएलबी करून टाक.’ पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहेच, मीही त्याच वाटेनं आले. पण बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्यासाठी राज्याची सीईटी असते आणि देशपातळीवर क्लॅट असते, हे झरी, मारेगाव किंवा घाटंजीच्या मुलीला सांगणारं कोणी नसतं. सायन्सच्या पोरांना अकरावीपासून नीट-जेईईचा धाक असतो. आर्ट्सच्या मुलीकडे कोणी वळूनही बघत नाही.

या दोन परीक्षांमध्ये एक फरक आहे आणि माझं सगळं म्हणणं त्या फरकाबद्दल आहे. राज्याची सीईटी मराठीतून देता येते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तिच्यातून यवतमाळचं अमोलकचंद विधी महाविद्यालय मिळू शकतं, अमरावती-नागपूर-पुण्याची महाविद्यालयं मिळू शकतात. क्लॅट मात्र फक्त इंग्रजीत. दोन तासांत 120 प्रश्न, प्रत्येक चुकीला पाव गुण वजा, आणि प्रश्न सुटे येत नाहीत, चारशे-साडेचारशे शब्दांच्या उताऱ्यांवर येतात. या इंग्रजी परीक्षेतूनच मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत प्रवेश मिळतो. नावात ‘राष्ट्रीय’ असलं तरी ही तिन्ही विद्यापीठं महाराष्ट्राच्या विधिमंडळानं 2014 मध्ये केलेल्या कायद्यानं उभी राहिली आहेत. महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी तिथे राखीव जागाही आहेत. म्हणजे आपल्या राज्याचं विद्यापीठ, आपल्या मुलांसाठी ठेवलेल्या जागा, आणि त्या जागेवर बसायला आपल्याच भाषेतून परीक्षा देता येत नाही.

आमच्या वर्गात घाटंजी तालुक्यातली एक मुलगी येते. वडील दुसऱ्याचं शेत मक्त्यानं करतात. एका रविवारी मी क्लॅटच्या धर्तीचा एक उतारा दिला होता. नोकरानं कामावर असताना कोणाचं नुकसान केलं तर भरपाई मालकानं द्यायची, हे तत्त्व. त्याखाली प्रसंग असा: कंपनीचा ड्रायव्हर पार्सल पोचवायला निघाला, वाटेत स्वतःच्या खासगी कामासाठी त्यानं गाडी दुसऱ्या रस्त्याला घातली आणि तिथे अपघात केला. आता जबाबदार कोण? ती पहिल्याच परिच्छेदात अडकली. एकेका शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारत होती, मागे जात होती, पुन्हा वाचत होती. पाचपैकी दोन प्रश्न सोडवून होईपर्यंत वेळ संपला आणि त्यातला एक चुकला.

मग तोच उतारा मी मराठीत वाचून दाखवला. तिनं पाचही उत्तरं बरोबर दिली, आणि वर मलाच विचारलं, “मॅडम, फवारणीले मजूर मालकाच्या सांगण्यावरून जाते. पंप मालकाचा, औषधही मालकानंच आणलेलं. पण औषध किती टाकायचं थे दुकानदारानं सांगितलं, अन् बाटलीवरचं बारीक अक्षर कोणाले वाचताच येत नाही. मंग माणूस दगावला तर भरपाई कोणाले मागायची?”

2017 च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयात आणि गावोगावच्या दवाखान्यांत भरती करावं लागलं. त्या पीडितांपैकी काहींनी पुढे थेट स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात कीटकनाशक कंपनीविरुद्ध भरपाईचा दावा लावला. सतरा वर्षांच्या त्या मुलीनं विचारलेल्या प्रश्नात मालकाची, विक्रेत्याची आणि उत्पादकाची अशा तीन जबाबदाऱ्या वेगवेगळ्या करून मांडलेल्या होत्या. वकिलाला आयुष्यभर हेच करायचं असतं. क्लॅट घेणारे स्वतः सांगतात की कायद्याचं आधीचं ज्ञान आम्ही तपासत नाही. दिलेलं तत्त्व दिलेल्या प्रसंगाला लावता येतं का, एवढंच बघतो. या मुलीला ते येतं. परीक्षेनं मात्र तिची इंग्रजी वाचनाची गती मोजली आणि तिला मागे टाकलं.

यावर मला बार रूममध्ये हमखास ऐकवलं जातं की कायद्याची भाषा इंग्रजीच आहे, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज संविधानाच्या 348 व्या कलमानुसार इंग्रजीत चालतं, मग ज्याला इंग्रजी येत नाही त्याला आत घेऊन त्याचंच नुकसान होईल. हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि इंग्रजीवाचून चालेल असं मीही म्हणत नाही. माझ्या वर्गात इंग्रजी शिकवायला मी जितका वेळ देते तितका दुसऱ्या कशालाच देत नाही. पण पाच वर्षांचा अभ्यासक्रम कशासाठी आहे? सतराव्या वर्षी विचार करता येतो का ते तपासा आणि इंग्रजी पहिल्या दोन सत्रांत कसून शिकवा. वारंग्याला नागपूरच्या विद्यापीठाचं एवढं मोठं संकुल उभं आहे. तिथे पहिल्या वर्षाला इंग्रजीचे जादा तास लावणं ही काही अशक्य गोष्ट नाही. भूषण गवई 2025 मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांचं सुरुवातीचं शिक्षण अमरावतीतल्या मराठी शाळेत झालं आणि कायद्याची पदवी अमरावती विद्यापीठाची. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातला माणूस देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसला तो या वाटेनं.

दुसरं असं की महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याचं शासनानं 1998 मध्येच अधिसूचित केलं आहे. केळापूरच्या कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी इंग्रजीत होत नाही. मराठीतही ती सोपी नसते. कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आलेली म्हातारी पिंजऱ्यात उभी राहते तेव्हा तिच्या तोंडी कोलामी असते. ती मराठी बोलते, पण तुटक, आणि घाबरली की तीही बंद होते. ‘जमीन दिली’ म्हणजे विकली, मक्त्यानं दिली, गहाण टाकली की नुसती वहिवाटीला दिली, हे तिच्याकडून काढून घेणारा वकील लागतो. आमच्याकडे वनहक्काचे दावे आहेत, वणीकडे कोळसा खाणींसाठी गेलेल्या जमिनींचे वाद आहेत, बेंबळा प्रकल्पाच्या मोबदल्याची प्रकरणं आहेत. फेरफार आणि वारसाचे खटले तर संपतच नाहीत. या खटल्यांना या मातीतली, पण उत्तम शिकलेली माणसं हवीत. उत्तम शिकवणाऱ्या जागा मात्र आम्ही इंग्रजी शाळांतून येणाऱ्यांसाठी मोकळ्या करून ठेवल्या आहेत. पाच वर्षांनी ती मुलं मुंबई-दिल्लीच्या मोठ्या फर्ममध्ये गेली तर त्यांना दोष कसा देणार?

ज्याला मी विसंगती म्हणते ती पुढे आणखी गडद होते. एलएलबी झाल्यावर वकिली चालू ठेवायची तर बार कौन्सिल ऑफ इंडियाची अखिल भारतीय परीक्षा पास व्हावी लागते. ती मराठीतून देता येते. डॉक्टर व्हायची नीट मराठीतून देता येते. इंजिनिअरिंगची जेईई मेन मराठीतून देता येते. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी मराठीतून देता येते. शरीरशास्त्र आणि भौतिकशास्त्र मराठीत विचारता येतं, पण ‘मालक जबाबदार की नोकर’ हे विचारता येत नाही? क्लॅट प्रादेशिक भाषांतही व्हावी म्हणून 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि खुद्द बार कौन्सिलनं त्या मागणीला पाठिंबा दिला. तरी आमची मुलं आजही तोच इंग्रजी पेपर समोर घेऊन बसतात.

या जिल्ह्याला कायद्याची परंपरा नाही, असं कोणी म्हणू नये. वणीचे बापूजी अणे कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन आले, यवतमाळात वकिली केली आणि 1930 मध्ये पुसदच्या जंगलात गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रह केला. सरकारचा जंगल कायदा मोडायला एक वकील पुढे झाला, तोही याच जिल्ह्याच्या जंगलात. पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या बंजारा घरातले वसंतराव नाईक नागपूरला एलएलबी झाले, पुसदला वकिली केली आणि पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिले. दोघंही शिकायला बाहेर गेले आणि परत आले. तशी परत येणारी माणसं घडवायची तर आधी त्यांना आत तरी जाता आलं पाहिजे.

मराठीत पेपर आला म्हणजे सगळे अडथळे संपले, असं मात्र नाही. क्लॅटच्या अर्जाला खुल्या वर्गाला 4000 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीला 3500 रुपये पडतात, आणि अर्जाची मुदत पावसाळा ते दिवाळीच्या सुमारास असते. कापूस उत्पादकाच्या घरात त्या दिवसांत पैसा नसतो. असलेला सगळा बियाण्यात, खतात आणि फवारणीत गेलेला असतो, पहिल्या वेचणीचा कापूस विकला जायचा असतो. निवड झालीच तर राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा वर्षाचा खर्च दोन लाखांच्या वर. शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या नंतर जमा होतात. फी आधी भरायची असते.

आणि कागद! राज्याच्या सीईटीनंतर कॅप राउंड लागतात तेव्हा गुणांइतकीच कागदांची परीक्षा होते. बंजारा मुलाला जात वैधतेसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो, आदिवासी मुलाला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर दाखला कुठून आणायचा? मग तहसीलमध्ये कोतवाल बुकाची नक्कल शोधायची. त्यात आजोबांच्या जन्माची नोंद सापडते, पण नाव ‘रामा’ असतं आणि सातबाऱ्यावर ‘रामजी’. त्या एका ‘जी’साठी प्रतिज्ञापत्र, गृहचौकशी, पुन्हा तारीख. मी मुलांना अकरावीतच सांगते, पुस्तक उघडण्याआधी कोतवाल बुक शोधा. हे काम शाळांनी करायला हवं. दहावीचा निकाल लागला की वैधतेचे प्रस्ताव भरून घ्यायला तालुक्याला एक शिक्षक नेमला तरी बरीच मुलं वाचतील.

घाटंजीच्या त्या मुलीच्या वडिलांनी मला विचारलं होतं, “पोरीले वकील करून काय होईल जी, आमचीच केस कोर्टात पडून हाय.” मी त्यांना म्हटलं, म्हणूनच करायचं. शमनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकांनी 2010 मध्ये आयडीआयए ही चळवळ सुरू केली ती गरीब घरांतल्या मुलांना क्लॅटसाठी तयार करून मोठ्या विधी विद्यापीठांत पोचवण्यासाठी. तिच्यातून गेलेल्या मुलांनी दाखवून दिलं आहे की उणीव बुद्धीत नसते. पण एखादी संस्था निवडक मुलांना हात देऊ शकते. परीक्षेची भाषा बदलणं सरकारच्या हातात आहे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. महाराष्ट्र सरकारनं आपल्या तिन्ही विधी विद्यापीठांतर्फे क्लॅट घेणाऱ्या कन्सॉर्शियमकडे मराठी पेपरची मागणी करावी. तिथे ती मान्य होत नसेल तर महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखलेल्या जागा राज्याच्या सीईटीतून भराव्यात. ती सीईटी आज मराठी-इंग्रजीत होतेच आहे, यंत्रणा तयार आहे, निकाल लागतो, कॅप चालतो. विद्यापीठांचा कायदा राज्याचा आहे, त्यात दुरुस्ती करायला दिल्लीला जावं लागत नाही.

वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद, उमरखेड असे या जिल्ह्याचे सात आमदार आहेत. डिसेंबरात क्लॅट होते आणि डिसेंबरातच नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं. उमरखेडची पोरं आदल्या दिवशी एसटीनं नागपूरला मुक्कामाला जाऊन हा पेपर देतात. त्याच शहरात, त्याच महिन्यात, सातांपैकी एकानं तरी सभागृहात उभं राहून विचारावं की महाराष्ट्राच्या विधी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा मराठीत कोणत्या वर्षापासून होणार आहे, आणि उत्तरात तारीख मागावी.