रिकामं, शून्य आणि निरंक

मंडळी, आजचा विषय थोडा ऑफिसचा आहे. पण नातेवाईकांनी लगेच पान बंद करू नये, कारण शेवटी तो तुमच्याच पेन्शनपर्यंत येणार आहे. :-)

मेनफ्रेम म्हटलं की घरच्यांना वाटतं, हे काहीतरी जुनाट प्रकरण, आज ना उद्या मोडीत निघणार. तसं काही नाही. आयबीएमने २०२५ मध्येसुद्धा झेड१७ नावाचं नवं मेनफ्रेम बाजारात आणलंय. जुनं असतं ते त्यावरच्या फाइलींचं वळण. ८० अक्षरांची ओळ हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. १९२८ मध्ये आयबीएमने ८० रकान्यांचं पंचकार्ड आणलं. कार्डं गेली, ८० राहिले.

मेनफ्रेमच्या बऱ्याच फाइलींमध्ये प्रत्येक नोंदीची लांबी ठरलेली असते. ८० म्हणजे ८०. कुठल्या बाइटपासून कुठल्या बाइटपर्यंत काय आहे, ते प्रोग्रामला आधीच माहीत असतं. आता समजा, पेन्शनरांच्या दोन फाइली आहेत. जुनी ८० बाइटची. नवी १०० बाइटची, कारण तिच्यात ८१ ते ८८ जन्मतारीख, ८९ ते ९३ दरमहाची कपात आणि पुढचे सात बाइट राखीव. दोन्ही एकत्र करून एकच यादी हवी आहे. हे काम सॉर्ट युटिलिटीचं. आयबीएमचं डीएफसॉर्ट घ्या किंवा सिंकसॉर्ट घ्या, चार ओळींच्या कंट्रोल कार्डात काम होतं. कोबॉल प्रोग्राम लिहायची गरज नाही.

कसं करायचं, हा प्रश्न फार अवघड नाही. ठरीव लांबीच्या दोन असमान फाइली सॉर्टइनला नुसत्या एकाखाली एक जोडून चालत नाहीत, म्हणून आधी त्या सारख्या कराव्या लागतात. आखूड फाइलवर इनरेक लावून ती १०० पर्यंत वाढवायची, मग दोन्ही एकत्र. आइसटूल वापरलं तर दोन कॉपी आणि एक सॉर्ट, सगळं एकाच स्टेपमध्ये. दोन्ही फाइली आधीच क्रमाने लावलेल्या असतील तर लांबी सारखी करून नुसतं मर्ज. दुसरा रस्ता म्हणजे दोन्ही फाइली एफटीओव्हीने व्हेरिएबल करायच्या. मग प्रत्येक नोंद आपापल्या लांबीची राहते. फक्त सुरुवातीला चार बाइटचा लांबीचा मजकूर येतो आणि सगळ्या जागा चारने पुढे सरकतात. पहिला बाइट पाचवा होतो. हे विसरलं की किल्ली भलत्याच कुलपात जाते.

माझं म्हणणं वेगळंच आहे. खरा प्रश्न लांबीचा नाहीच. आखूड नोंदीला जे २० बाइट जोडायचे, त्यांत काय भरायचं, हा आहे. आणि तो प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

न विचारता काय होतं बघा. तुम्ही आखूड फाइल कॉपी करताना आउटपुटची लांबी नुसती १०० लिहिली, तर डीएफसॉर्ट तक्रार करत नाही. उरलेले २० बाइट बायनरी शून्यांनी भरतो आणि लॉगमध्ये आयसीई१७१आय असा एक मेसेज टाकतो, की दोन लांब्या जुळत नाहीत. साइटने तशी सेटिंग केली असेल तर रिटर्न कोड ४ किंवा १६ येतो, नाही तर ०. आणि रिटर्न कोड ० आलेल्या जॉबचा लॉग कोण वाचतो? आपल्याकडे 'झिरोने संपला' हे चारित्र्याचं सर्टिफिकेट आहे.

आता कपातीचा आकडा घ्या. तो पॅक्ड डेसिमल आहे, म्हणजे शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह हवं. तिथे बायनरी शून्य असो की स्पेस, चिन्ह सापडत नाही. प्रोग्राम बेरीज करायला गेला की एस०सी७. रात्रीच्या शिफ्टमध्ये ज्यांनी हे तीन-चार अक्षरांचं भूत पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पण मी म्हणेन, हा सुदैवाचा प्रकार. प्रोग्राम ओरडला तरी!

मग कुणीतरी शहाणा माणूस तिथे नीट, चिन्हासकट पॅक्ड शून्य भरतो. जन्मतारखेत आठ शून्यं टाकतो. आता सगळं सुरळीत चालतं. आणि खरा गोंधळ इथून सुरू होतो. कपात शून्य, म्हणजे 'कपात नाही'? की 'आम्हाला माहीत नाही'? फाइल बघून आता कुणालाही सांगता येणार नाही.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना सहाव्या वेतन आयोगापासून वयानुसार जादा पेन्शन मिळते. ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. आठ शून्यांची जन्मतारीख घेऊन वय काढलं तर आजोबा दोन हजार वर्षांपेक्षा मोठे! त्यांना पेन्शन दुप्पट. ही चूक निदान हसण्यासारखी आहे, ती सापडते. पण प्रोग्राममध्ये 'तारीख शून्य असेल तर वय बघू नका' अशी एक अट असली, तर ८२ वर्षांच्या आजींना त्यांचे २० टक्के मिळत नाहीत, आणि कुठल्याच रिपोर्टमध्ये काही लाल होत नाही. ही चूक सापडत नाही.

आणि हे माझ्या कल्पनेतलं नाही बरं का. ही योजना आली तेव्हा अनेक जुन्या पेन्शनरांच्या पीपीओवर जन्मतारीखच नव्हती. शेवटी पॅन कार्ड, पासपोर्ट असे पुरावे दाखवून वय सिद्ध करायची सोय सरकारला करून द्यावी लागली. त्या वेळी 'या माणसांची तारीख आपल्याकडे नाही' हे कुठेतरी कळत होतं, म्हणून तर तशी सोय करता आली. त्या रिकाम्या जागी कुणी शून्यं भरून ठेवली असती तर?

आपल्या सरकारी कचेऱ्यांना आपण कितीही नावं ठेवली तरी त्यांच्याकडे एक फार चांगला शब्द आहे: निरंक. तक्त्याचा रकाना कोरा सोडायचा नाही. काही नसेल तर 'निरंक' लिहायचं. निरंक म्हणजे कुणीतरी बघितलं आणि काही नव्हतं. कोरा म्हणजे कुणी बघितलंच नाही. बाबू लोकांना जे कळतं ते आपल्या डेटाला कळू नये?

मला विचाराल तर नियम साधा आहे. असमान फाइली जोडताना प्रत्येक नोंद कुठून आली त्याची एक बाइटची खूण ठेवायचीच. डीएफसॉर्टच्या जॉइनकीजमध्ये तर ती आयतीच मिळते. रिफॉरमॅटमध्ये एक प्रश्नचिन्ह टाकलं की नोंद दोन्ही फाइलींत होती, फक्त पहिलीत की फक्त दुसरीत, ते बी, १ किंवा २ असं लिहून येतं. नुसतं जोडायचं असेल तर इनरेकमध्ये आपणच एक अक्षर लिहावं. आणि भरायचं काय, हे त्या रकान्याच्या मालकाला विचारावं. सॉर्टला नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं: एका बाइटसाठी इतक्या कॉपीबुक बदलायच्या का? बदलू नका. राखीव सात बाइट आहेत, त्यातला शेवटचा घ्या. लांबी तीच राहते. आणि बाइट वाचवण्याचंच म्हणाल, तर वर्षाचे दोन आकडे वाचवल्याचं बिल आपण वायटूकेच्या वेळी भरलंय. त्या बिलावर आपल्यातल्या कित्येकांची घरं उभी राहिली, ही गोष्ट वेगळी. :-)

असो. आखूड नोंद ही अपुरी नसते. तिला जेवढं ठाऊक आहे तेवढंच ती बोलते. तिच्या तोंडी आपण वीस अक्षरं घालतो, तेव्हा ती आपली आहेत, तिची नाहीत, एवढं तरी लिहून ठेवावं.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? आणि ज्येष्ठ मंडळी, तुमच्या पीपीओवर जन्मतारीख आहे ना, तेवढं जरा बघून घ्या.