दात मोजणाऱ्यांनो, जरा थांबा!

नातवाला माउंटन बाइकसाठी नवा मागचा हब हवाय. किंमत ऐकून मी मटकन खुर्चीतच बसले. तेवढ्यात दोन साध्या सायकली येतील! पण माझं भांडण किमतीशी नाही, कारणाशी आहे. म्हणे, "आजी, नव्यात ६९० पॉइंट आहेत, माझ्यात फक्त ३६!"

तर मंडळी, हे पॉइंट म्हणजे काय? हबच्या आतले कुत्रे (शब्द सायकलवाल्याचा, माझा नाही) दातेरी कड्यावरून टिकटिकत घसरतात आणि पायडल मारलं की दातात अडकतात. अडकेपर्यंत जी रिकामी फिरत, तिच्यावरून हा सगळा वाद. नातवाच्या डीटी स्विसमध्ये कुत्र्यांऐवजी ३६ दातांच्या दोन चकत्या आहेत, तिथे ती फार तर १० अंश. क्रिस किंगच्या ७२ दातांना ५. इंडस्ट्री नाइनच्या हायड्रात कडं ११५ दातांचं आणि कुत्रे सहा, पण ते पाळीपाळीने अडकतात, म्हणून ६९०. फिरत जेमतेम अर्धा अंश!

मी बी.ए. असले तरी त्रैराशिक येतं. पुढे ३२ दात, मागे ५० असतील तर १० अंशांचे क्रँकला साडेपंधरा होतात. १७५ मिलिमीटरच्या क्रँकवर पायडल पावणेपाच सेंटिमीटर फुकट जातं. दगडांच्या चढावर अर्धं-अर्धं पायडल मारत जाणाऱ्याला हे नक्की जाचतं, मान्य. पण मागे १० दात असले की तेच एक सेंटिमीटरही भरत नाही. आणि आमचे चिरंजीव वेताळ टेकडीचा चढ सायकल ढकलत चढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय!

उतारावर तर उलटंच. मागचं सस्पेन्शन दबलं की चेन ताणली जाते आणि पायडलला मागे झटका बसतो. हबात थोडी रिकामी फिरत असेल तर तो झटका तिथेच मुरतो. उगाच का डीटी स्विसनेच मुद्दाम मोकळी फिरत ठेवणारा हबही काढला?

त्याच्या मित्राचा दुसराच हट्ट. चाक स्टँडवर फिरवायचं आणि किती वेळ फिरतं ते मोजायचं! अरे बाळा, पायडल मारताना हब आणि फ्रीव्हील एकजीव फिरतात, कुत्रे घासतच नाहीत. ते घासतात पाय थांबले की, आणि तेव्हा टायर आणि वाऱ्यापुढे त्या घासण्याची काय मातब्बरी? पाय थांबताच चेन वर सैल होऊन लोंबायला लागली तर मात्र घर्षण खरंच जास्त. पुष्कळदा ते नुसतं जाड ग्रीस असतं. ऑनिक्सचा हब दातांशिवाय, आवाज न करता लगेच पकडतो, पण वजनाला भारी. म्हणजे काही ना काही सोडावं लागतंच.

बरं, एवढं करून पुढच्या ब्रेकचं पॅड पार झिजून पत्र्याला लागलंय. दोन महिने सांगतेय. त्याला मात्र मुहूर्त मिळत नाही.