आम्ही कशाला फिरायचे?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात प्रवासाला नेहमी कारण लागते. लग्न असते, दहावे-तेरावे असते, गावची जत्रा असते, नाही तर दवाखाना असतो. यांपैकी काहीच नसेल तर एस.टी.त पाय ठेवायचा नाही, असा आमच्याकडे न लिहिलेला कायदा आहे. जेजुरी, पंढरपूर चालते. कारण देवाला जाणे म्हणजे फिरणे नव्हे. 'फिरणे' हा शब्दच आमच्याकडे जवळजवळ शिवीसारखा वापरतात. एखादा पोरगा कामधंदा सोडून हिंडू लागला की म्हणतात, "फिरतोय झालं!"

म्हणूनच यंदा फेब्रुवारीत मी जेव्हा घरात जाहीर केले की आपण सगळे मिळून दोन दिवस फिरायला जाणार, आणि तेही लांब कुठे नाही, आपल्याच नवी मुंबईत, तेव्हा आईने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले. त्या शुक्रवारच्या गैरहजेरीसाठी मी अर्जात 'घरगुती अडचण' असे लिहिले होते. ते खोटे होते. खरे कारण हा लेख आहे. सरांनी क्षमा करावी.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आम्ही कोपरखैरण्यात माथाडींच्या वसाहतीत राहतो. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. माझे आजोबा मुंबईच्या जुन्या बाजारात हमाल होते. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ मध्ये तुर्भ्याला आला आणि बाजारामागून आजोबा आले. लोक शहरात येतात असे आपण म्हणतो. आमच्या बाबतीत गोण्या आल्या आणि गोण्यांमागून माणसे आली. आजोबांची टोळीतली जागा पुढे वडिलांना मिळाली. आजी मात्र गावीच राहिली. शेताचा तुकडा, म्हैस आणि दोन नणंदा सांभाळायला कुणी तरी हवेच होते. ती इथे आली ती फक्त आमच्या जन्माच्या वेळी, नाही तर कुणाच्या लग्नाला. या खेपेला आली ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. पट्टी सुटली, डोळा चांगला झाला, आणि पाच आठवडे त्या नव्या डोळ्याने तिने समोरच्या इमारतीच्या गॅलरीत वाळत घातलेली धुणी पाहिली. आता परतायचे दिवस आले. सत्तर वर्षांच्या बाईला दिसू लागले आहे, आणि तिला दाखवायला आपल्याकडे दुसऱ्याचे टॉवेल आहेत, ही गोष्ट मला फार लागली.

मैत्रिणीला सांगितले तर ती हसली. "नवी मुंबईत बघण्यासारखं काय आहे? मॉल आणि सेक्टर!" हे मत आपल्या कॉलेजात पुष्कळांचे आहे. सहल म्हटली की आपल्याला महाबळेश्वर आठवते, नाही तर गोवा. पण मला असे वाटते की पुण्यात किंवा पैठणात गेल्यावर आपण राजांनी बांधलेले पाहतो, आणि ते का बांधले हे विचारायला कुणी जिवंत नसते. आपले शहर वेगळे आहे. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. म्हणजे माझ्या आजीपेक्षाही हे शहर वयाने लहान आहे. ते होताना पाहिलेली माणसे अजून भाजी घेताना आपल्या शेजारी उभी असतात. असे शहर पाहायचे नाही तर कोणते पाहायचे?

शुक्रवारी सकाळी निघालो. वडिलांनी खाडा केला होता. टोळीत जो उभा राहील त्याला त्या दिवसाची मजुरी, त्यामुळे खाडा म्हणजे काय हे आमच्या घरात लहान भावालाही कळते. वडील गाडीत दाराशी उभे होते. जागा रिकामी असून बसले नाहीत. सुट्टी कशी घ्यायची असते हे त्यांना माहीतच नव्हते असे मला वाटले.

बेलापूरला उतरून आधी आर्टिस्ट्स व्हिलेज पाहिले. आमच्या पुस्तकात याच्यावर एक परिच्छेद आहे म्हणून मी हट्ट धरला होता. १९८३ ते १९८६ च्या सुमारास कोरियांनी ही बैठी घरे आखली. सात-सात घरांचा गट, मध्ये सगळ्यांचे मिळून एक अंगण, आणि प्रत्येक घराच्या भिंती स्वतःच्या. म्हणजे हातात पैसा आला की ज्याने त्याने आपले घर वाढवावे, शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का लागू नये. लोकांनी ते इतके मनावर घेतले आहे की कित्येक ठिकाणी मूळ घर शोधून काढावे लागते. तिथे आता तीन मजली बंगले आहेत. मी हळहळले. वडील म्हणाले, "पोरं मोठी झाली आसतील की. माणसानं काय करायचं?" पुस्तकातल्या परिच्छेदाला हे वाक्य जोडावे असे मला वाटते. आजीला मात्र एक जुने अंगण सापडले. तिथल्या पायरीवर ती न विचारता जाऊन बसली आणि आतल्या बाईंनी न विचारता पाणी आणून दिले.

जेवायला दिवाळे गावाच्या बाजूला एका आगरी खानावळीत गेलो. आम्ही घाटावरची माणसे. मटणाचा रस्सा आम्हाला कळतो, समुद्राचे मासे कळत नाहीत. भावाने काट्यांची धास्ती घेतली होती. पण तळलेला बोंबील तोंडात घातल्यावर तो विरघळूनच गेला, तेव्हा त्याने दुसऱ्या ताटाकडे हात नेला. कोलंबीचे कालवण, सुकटीची चटणी, सोलकढी, आणि तांदळाची भाकरी. आजीने भाकरी मोडली, बोटांनी दाबून पाहिली आणि आईला म्हणाली, "पीठ उकडून घेतलंय. न्हाई तर एवढी मऊ व्हनार न्हाई." खानावळीच्या मावशी चुलीकडून हे ऐकत होत्या. झाले! पुढचा अर्धा तास दोघींचा.

मावशींच्या सासऱ्यांची भातशेती होती. आता तिथे सेक्टर आहे. कोणता ते त्यांनी बोटाने दाखवले, आकडा सांगितला नाही. जानेवारी १९८४ मधली जासईची गोष्ट त्यांनीच काढली. जमिनीला योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला आणि पाच माणसे गेली. नंतर जे साडेबारा टक्के विकसित जमिनीचे सूत्र आले त्याच्या मागे हे रक्त आहे. मी या शहरात जन्मले, इथेच शाळा शिकले, आणि हे मला एकोणिसाव्या वर्षी भाकरी खाताना कळले. आजीचे माहेर कोयनेच्या धरणात गेले आहे. ती तेव्हा लहान होती. तिने तेवढेच सांगितले. मावशी म्हणाल्या, "तुमचा पान्याखाली गेला, आमचा बिल्डिंगीखाली." दोघी हसल्या. मला हसावे की नाही ते समजेना. निघताना मावशींनी एक भाकरी जास्तीची बांधून दिली, तिचे पैसे घेतले नाहीत.

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. त्या विमानतळासाठीही दहा गावे उठली आहेत. आजीने कपाळावर हात धरून विमान दिसेनासे होईपर्यंत पाहिले. डॉक्टरांचे काम चोख झाले आहे.

सगळेच गोड झाले असे नाही. संध्याकाळी एका मॉलच्या दारात पहारेकऱ्याने आमच्यातल्या फक्त वडिलांना बाजूला घेऊन पिशवी दोनदा तपासली. पिशवीत मावशींची भाकरी, पाण्याची बाटली आणि आजीच्या डोळ्यांत घालायचे औषध होते. पुढच्या माणसाची पिशवी त्याने उघडलीही नाही. वडील काही बोलले नाहीत. आत जाऊन पाच मिनिटांत म्हणाले, "चला, गार लागतंय." मी हे इथे लिहिते आहे याचे कारण रागापेक्षा लाज हे आहे. कॉलेजच्या प्रवेश अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी दोन्ही वर्षे 'नोकरी' एवढेच लिहिले आहे. मीही त्यांना दारातच बाजूला घेतले होते.

दुसऱ्या दिवशी नेरूळला रोहित पक्षी पाहिले. फ्लेमिंगो म्हटले की लवकर कळते, पण रोहित हा शब्द मला आवडतो. भरतीची वेळ पाहून जावे लागते. भरतीला खाडीचा चिखल पाण्याखाली जातो, मग पक्षी आतल्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. पाण्यातले शेवाळ खातात आणि त्यानेच गुलाबी होतात. २०२४ मध्ये तळ्यात खाडीचे पाणी येण्याची वाट बुजली, तळे आटले आणि पक्षी मेल्याच्या बातम्या आल्या. शहरभर चौकाचौकांत त्यांचे पुतळे उभे करणाऱ्यांनी खऱ्यांच्या पाण्याची वाटही मोकळी ठेवावी, एवढे म्हणून हा विषय सोडते. आजीचे मत वेगळेच पडले. "बगळंच हायत की. कुनी रंगावल्यात?" पण तिथून हलायला ती तयार नव्हती. दीड तास आम्ही नुसते उभे होतो. देव नाही, नवस नाही, काम नाही. आई मध्येच म्हणाली, "बरं वाटतंय गं." आईच्या तोंडून हे वाक्य मी दवाखान्याबाहेर कधी ऐकले नव्हते.

शेजारच्या काकूंनी हिशेब विचारला म्हणून तोही देते. पाच माणसे, दोन दिवस, एकूण २,३६० रुपये. निम्म्याहून अधिक खानावळीत गेले. लोकलचे तिकीट वडापावपेक्षा स्वस्त आहे. मी चौथीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, त्यातून हे पैसे साठवले होते. वडिलांच्या दोन खाड्यांची मजुरी निराळी, ती वडिलांनी सांगितली नाही. काकू म्हणाल्या, "एवढ्यात गावच्या घराचे दोन पत्रे झाले असते." झाले असते, हे खरे आहे. पण गेली तीस-चाळीस वर्षे आमच्याकडचा प्रत्येक जास्तीचा पैसा गावच्या पत्र्यावर, लग्नावर आणि आजारपणावरच गेला आहे, आणि पत्रे तरीही गळतात.

प्रश्न निव्वळ पैशाचा नाही असे माझे म्हणणे आहे. सरकारी नोकराला प्रवासाची सवलत मिळते. म्हणजे त्याने हिंडावे, चार ठिकाणे पाहावीत, हे सरकारनेच मान्य केले आहे. माथाडींसाठी १९६९ चा कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी संघटना उभी केली, त्यामुळे फंड आला, बोनस आला, दवाखाना आला, डोक्यावर छप्पर आले. हे उपकार आमचे घर विसरणार नाही. पण रजा मिळाली तरी तिचे करायचे काय हे आम्हाला कुणी सांगितले नाही. आमची रजा म्हणजे गावी जाऊन भात काढणे. आपल्यासारखी पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुले तर याहून वाईट वागतात. आपण मित्रांबरोबर लोणावळ्याला जातो, फोटो काढतो, आणि आईवडिलांना म्हणतो, तुम्हाला त्यातले काय कळणार! मित्रमैत्रिणींनो, मी हे दोन वर्षे केले आहे म्हणून बोलते. आर्टिस्ट्स व्हिलेजमधले घर का वाढले, हे मला परिच्छेद पाठ करूनही कळले नव्हते. माझ्या वडिलांना ते एका नजरेत कळले.

आणखी एक गोष्ट राहिली. जायच्या आधी मी वडिलांना म्हटले होते की आजीला बाजारही दाखवू. ते चिडले. "तितं काय बघायचं? माती आन् गोन्या!" मी विषय सोडला. शनिवारी नेरूळहून परत येताना गाडी तुर्भ्याला थांबली आणि वडील एकदम म्हणाले, "उतरा, उतरा." आम्ही धावत उतरलो. आजीची एक चप्पल गाडीतच राहणार होती.

चार वाजून गेले होते. सकाळची गर्दी ओसरली होती, पण दोन गाड्या भरायच्या होत्या. कांद्याच्या टरफलांचा थर पायाखाली चुरचुरत होता. टोळीतली माणसे वडिलांना पाहून ओरडली, "खाडा करून हितंच आलास व्हय?" मग आजी दिसली आणि सगळे गप्प झाले. मुकादमांनी पोते झाडून तिला बसायला दिले. ती बसली नाही. गाळ्याच्या कडेला गोण्यांची थप्पी होती, तिच्याजवळ गेली. नवरा आणि मुलगा, दोन पिढ्या इथे राबल्या, आणि तिने ही जागा पाहिली ती आत्ता. तिने एका गोणीला दोन्ही हात लावून ती हलते का पाहिले.

"किती भरती?"

"पन्नास किलो," वडील म्हणाले.

"आन् दिसाला किती उचलतूस?"

वडिलांनी चहावाल्या पोराला हाक मारली आणि सहा चहा सांगितले.