बँड परत आला म्हणे

जुना रॉक बँड पुन्हा जमला की इंग्रजी पेपरवाल्यांना उमाळा येतो. पिकलेले केस, तीच गिटार, मोठा फोटो. आणि खाली सूर असा, की बंडखोरी परतली. मी विचारतो, गेली होती कुठं? आणि कुणाची?

नाव घेऊनच बोलतो. मुंबईचा रॉक मशीन 1984 साली निघाला. 1993 ला त्याचा इंडस क्रीड झाला. 1997 ला मोडला, 2010 ला पुन्हा जमला, 2012 ला 'इव्हॉल्व्ह' नावाचा अल्बम काढला. मी ऐकलाय तो. मोबाइलवर, गिरणीच्या ओट्यावर बसून. वाजवतात झकास, खोट काढायची नाही मला. माझं भांडण सुरांशी नाहीच. भांडण आहे ते 'परत आले' या शब्दाशी.

गिरणी म्हटली की लोकांना परळ-लालबाग आठवतं. 1982 च्या संपानंतर त्या एकेक करून बंद पडत गेल्या, जागेवर टॉवर आले. माझी गिरणी भाताची, मावळातली. पोती उचलायची, तूस-कोंडा छातीत घ्यायचा. रात्री खोकता खोकता कविता लिहायची. तर ह्या असल्या बँडांना जाणकार प्रोग्रेसिव्ह म्हणतात. प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुरोगामी, हा शब्द आम्ही लहानपणापासून स्टेजवरून ऐकतोय. रॉकमधला अर्थ निराळा. गाणं लांबवायचं, मधेच ताल मोडायचा. आमच्याकडं हलरचा पट्टा सैल झाला की तोपण मधेच ताल मोडतो. त्याला कुणी प्रोग्रेसिव्ह म्हणत न्हाई, मालक आईवरनं शिव्या घालतो.

या प्रोग्रेसिव्हचा जन्म सांगतात 1969 चा. त्या ऑक्टोबरात इंग्लंडात किंग क्रिमझनचा पहिला अल्बम आला. हा बँड 1974 ला मोडला, 1981 ला उठून उभा राहिला, पुढंही मोडत-जुडत राहिला. आता त्याच 1969 सालात आपल्याकडं काय झालं ते बघा. 18 जुलैला अण्णाभाऊ साठे गेले. 29 ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. मधे 42 दिवस. 1944 साली गव्हाणकरांना घेऊन ज्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, ज्यांच्या खेळांवर सरकारनं बंदी घातली, ती माणसं. त्यांचा 'रियुनियन' कुठं ठेवायचा?

आमच्या मावळाचंही नाव या रॉकच्या इतिहासात हाय बरं का. 1971 साली मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा मेळावा झाला. हिंदुस्थानचा वुडस्टॉक म्हणतात त्याला. मळवली स्टेशनावरनं वर बघितलं की भाज्याची लेणी. तिथल्या विहारात दगडात एक बाई जोडीचे ढोल वाजवतेय, शेजारी दुसरी नाचतेय. दोन हजार वर्षं झाली, बाई उठून गेलेली नाही. खाली तीन दिवस गिटार वाजली की तीस दिवस, मला देणंघेणं नाही. पण त्या मेळाव्याच्या आठवणी पुस्तकात गेल्या आणि ज्या गावात तो झाला तिथली गाणी कुणी वहीतही उतरवली नाहीत. हे मला खटकतं.

आणि 1997. इंडस क्रीड मोडला ते साल. त्याच साली 11 जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, 10 माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेनं जीव दिला. एक बँड 13 वर्षांनी परत येतो, कारण माणसं जिवंत असतात. पोटापाण्याचं दुसरं काही जमलेलं असतं. कॅसेटी, व्हिडिओ, फोटो जपलेले असतात. मोडायलासुद्धा ऐपत लागते, राजे हो.

पुण्याच्या कबीर कला मंचाचं बघा. 2011 ला बंदी असलेल्या संघटनेशी संबंधाच्या आरोपाखाली धरपकड. काही जण भूमिगत. 2013 च्या एप्रिलात शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर गाणी म्हणत पोलिसांच्या हवाली झाले. 2017 ला सुप्रीम कोर्टानं काहींना जामीन दिला, तेव्हा कुठं ही माणसं पुन्हा डफाजवळ आली. 2020 च्या सप्टेंबरात परत तिघांना अटक. हेसुद्धा मोडणं-जमणंच ना? यावर कुणी 'शाहिरी परतली' असा फोटो छापला? छापला तो बेड्यांचा.

आमच्या आळीत एक म्हातारा हाय. 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, तेव्हा हा बापाच्या खांद्यावर होता. पुढं यांची पाच जणांची पार्टी. ढोलकी, पेटी, तुणतुणं. वाडी-वस्तीवर, कंदिलाच्या उजेडात, भाकरीवर गायले. तिघं वारले. चौथा चिंचवडला पोराकडं, त्याला ऐकू येत नाही. पत्र्याच्या पेटीत गाण्यांची वही होती, निम्मी वाळवीनं खाल्ली. खाल्लेल्या पानांवरची कडवी म्हाताऱ्याला अजून तोंडपाठ आहेत. परवा दोन म्हणाली. तिसऱ्याला दम लागला.

लोणावळ्याच्या बंगल्यात शनिवार-रविवार रात्रभर स्पीकर दणाणतो. त्यातली निम्मी वीज या म्हाताऱ्यापुढं एक माइक ठेवायला पुरंल की. आमच्यातल्या पुढाऱ्यांनाही सांगतो: जयंतीला डीजेच्या भिंतीवर लाख लाख उडवता, या माणसाला हार घालून खाली बसवता, आणि ढोलकीवाल्याला जेवणसुद्धा विचारत नाही. तुमचा तो पांढरपेशा पेपरवाला परवडला, निदान म्हाताऱ्या गिटारवाल्याला दोन प्रश्न तरी विचारतो.

तेव्हा पेपरवाल्यांनो, पुढाऱ्यांनो, मोबाइल खिशात घेऊन फिरणाऱ्या माझ्या दोस्तांनो, पुणे-लोणावळा लोकल कामशेतला थांबते. तिथनं गिरणीपर्यंत चालत या, पुढचं घर मी दाखवतो. पावसाळ्याच्या आधी या. पावसात म्हाताऱ्याचा दमा वाढतो.