नखाचा कोपरा कोरू नका

धावणाऱ्यांना सल्ले देणारे एक अनुभवी गृहस्थ सांगत सुटले आहेत की, पायाच्या अंगठ्याचे नख मांसात रुतले तर डॉक्टरांची गरज नाही. नखाच्या मधोमध ‘व्ही’ आकाराची खाच पाडावी, रुतलेला कोपरा खोलवर कापावा, अंगठा लिंबात घालावा आणि सराव चालू ठेवावा. सोसतो तोच खरा खेळाडू, अशी पुस्तीही ते जोडतात.

आधी खाच पाहू. ती भरून काढायला नखाच्या कडा मध्याकडे ओढल्या जातात, अशी यामागची समजूत. पण नख टोकाला वाढतच नाही. ते मुळाशी, कातडीखालच्या पेशींतून तयार होते आणि महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर पुढे सरकते. पुढचा भाग निर्जीव केराटिनचा. कडा ओढणार कोण? कोपरा कोरणे तर याहून घातक. नेलकटरचे टोक पोचते तिथवरच नख कापले जाते आणि आत टोकदार कुसळ उरते. दाब गेल्याने काही दिवस बरे वाटते. मग नख सरकते, कुसळ मांसात घुसते, अंगठा लाल होतो, पू धरतो आणि जरा धक्का लागताच रक्त येईल असे मऊ मांस कडेला वाढते. उपचार म्हणून सांगितलेली गोष्टच दुखण्याचे कारण ठरते!

लिंबाने जखम चुरचुरते, कुसळ हलत नाही. सोसत धावणाऱ्याची चाल बिघडते.

बुटाच्या मापाबद्दल तर हे गृहस्थ बोलतच नाहीत. साताऱ्याचा यवतेश्वर घाट किंवा राजगड उतरताना आखूड बुटात अंगठा पावलोपावली पुढे आदळतो, आणि घामाने कातडी आधीच मऊ झालेली असते.

नख सरळ कापावे, कोपरे शाबूत ठेवावेत, बोटांपुढे मोकळी जागा राहील असा बूट घ्यावा. नुसती लाली असेल तर कोमट पाण्यात पाय बुडवावा, कडेखाली कापसाची बारीक वात सरकवावी. पू किंवा वाढलेले मांस दिसले तर डॉक्टर अंगठा बधिर करून फक्त रुतलेली पट्टी काढतात आणि ती पुन्हा वाढू नये म्हणून मुळाशी फिनॉल लावतात. त्यासाठी अख्खे नख उपटावे लागत नाही.

मधुमेह असलेल्या धावपटूने मात्र घरगुती प्रयोगात एक दिवसही न घालवता डॉक्टरांना पाय दाखवावा.