फोन बोलतो, त्याला मराठी मजकूर द्या

देवळीसारख्या तालुक्याच्या गावातल्या अंध विद्यार्थ्याला वाचनासाठी महागडे यंत्र लागतेच, असे आता राहिलेले नाही. साध्या अँड्रॉइड फोनमधले ‘टॉकबॅक’ पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवते आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने ते 2006 मध्ये लिहायला घेतले. तेव्हा अशा सॉफ्टवेअरची किंमत हजार डॉलरच्या घरात होती. एनव्हीडीए आजही फुकट मिळते, मराठीही वाचते.

तरीही हा विद्यार्थी अडतो, आणि त्याला अडवणारे डोळस आहेत.

मराठी पुस्तके वर्षानुवर्षे जुन्या डीटीपी फॉन्टांत जुळवली गेली. त्यांत मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. छापून आले की डोळ्यांना मराठी दिसते. फाइल उघडून यंत्र वाचू लागले की निरर्थक रोमन अक्षरांची बडबड ऐकू येते. सरकारी परिपत्रक स्कॅन करून पीडीएफ चढवली, तर तीही नुसते चित्र ठरते. चित्रातून अक्षरे ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, पण अस्पष्ट छपाई आणि जोडाक्षरे आली की ती चुकतात. परीक्षेच्या अभ्यासात अशी चूक परवडत नाही.

कायद्याची अडचण म्हणावी, तर तीही नाही. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने अंधांसाठी पुस्तकाचे रूपांतर करायला लेखक-प्रकाशकांची परवानगी लागेनाशी झाली. अशाच रूपांतरांना मोकळीक देणाऱ्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, 2014 मध्ये. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे अंधांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय 2016 मध्ये उघडले.

म्हणून मागणी नेमकी आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ ज्या पुस्तकाला अनुदान देते, त्याची यंत्राला वाचता येणारी युनिकोड फाइल ‘सुगम्य पुस्तकालया’त जमा करण्याची अट घालावी. शासकीय कार्यालयांनी स्कॅनऐवजी मूळ युनिकोड मजकूर प्रसिद्ध करावा. देवळीसारख्या तालुक्याच्या गावी अनुदानित ग्रंथालयात एका संगणकावर एनव्हीडीए, एक हेडफोन आणि ‘सुगम्य पुस्तकालया’त नोंदणी करून देणारा एक प्रशिक्षित कर्मचारी असावा. हा खर्च पुढच्या अनुदानातच धरावा.