रिकामी टाकी

आमच्या दाजींची मोटार १९६७ सालची आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट. वडिलांनी घेतलेली, म्हणून दाजी तिला गाडी न म्हणता 'वडिलांची आठवण' म्हणतात. गेल्या वैशाखात ही आठवण गळू लागली. रात्री अंगणात पेट्रोलचा वास, सकाळी फरशीवर ओला डाग. दाजींनी ड्रायव्हर लोकांचा जुना तोडगा केला : धुण्याच्या साबणाची वडी भोकावर घासली. साबण पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. गळती चार दिवस थांबली; पाचव्या दिवशी टाकी उतरवून आम्ही दोघे एमआयडीसीत गेलो.

जालन्याची एमआयडीसी म्हणजे लोखंडाचे राज्य. भंगार वितळवायचे आणि त्याच्या सळया करायच्या, हा इथला मोठा धंदा. तेव्हा वाटेत कोणीतरी सुचवलेच, "घाला भट्टीत, घराला सळई होईल!" दाजींना ते फार झोंबले. इथवर मी दाजींच्या बाजूचा. दुरुस्त होणारी वस्तू टाकून देणे मलाही पटत नाही. माझे भांडण पुढचे आहे.

वेल्डिंगच्या दुकानात एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता. दाजी म्हणाले, "रिकामीच आहे रे. एक टाका मार, पाच मिनिटांचं काम." पोराने काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. तोच आतून उस्ताद चहाचा कप टाकून धावत आले आणि त्यांनी गॅसचा कॉक बंद केला.

वाचकहो, रिकामी टाकी रिकामी नसते. पेट्रोल ओतून दिले तरी ते सांध्यांत आणि गंजाच्या थरात मुरून राहते, आणि त्याची वाफ होते. हवेत ही वाफ शेकडा दीड ते साडेसात असली की एक ठिणगी पुरे. भरलेली टाकीही विस्तवाजवळ नेऊ नये, हे सांगायला नको. पण वाफ आणि हवा यांचे नेमके जहरी मिश्रण रिकामीतच जमते. मग फुटलेला पत्रा कोणाच्या अंगावर जातो? मालकाच्या नव्हे. तो सावलीत उभा राहून घड्याळ पाहत असतो.

कोणी म्हणेल, ही कारागिराची जबाबदारी. मला हा युक्तिवाद ढोंगी वाटतो. गिऱ्हाईक 'आत्ताच्या आत्ता' म्हणून अडून बसले, की जाणता माणूस काम गमावतो आणि शेजारच्या अजाणत्याला ते मिळते. घाई आपण विकत घेतो. किंमत तो पोरगा देतो. पन्नास वर्षांवरच्या अस्सल मोटारींना २०२१ च्या केंद्रीय नियमांनी वेगळी नोंदणी मिळते, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. त्या नव्या नोंदणीचे २०,००० रुपये दाजी हसत भरतील. टाकी धुण्याची दोन दिवसांची मजुरी ऐकून मात्र ते म्हणाले, "धुण्याचे कसले पैसे?"

धुण्याचेच पैसे असतात, दाजी! उस्तादांनी टाकी उघड्यावर उपडी ठेवली. धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने तीनदा खंगाळली, मग पुष्कळ वेळ आत वाफ सोडली. दुसऱ्या दिवशी भोक वर येईल अशी तिरकी करून भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरले, म्हणजे वाफेला जागाच उरू नये. पत्रा घासून उजळ केला आणि ज्योत जवळ न आणता, लांब शेगडीवर तापवलेल्या तांब्याने डाग दिला. पुढे पाणी काढून, पंपाची जेमतेम फुंकर आत देऊन, वरून साबणाचा फेस लावला. तर शिवणीवर दुसराच बुडबुडा! पुन्हा पाणी, पुन्हा डाग. पोरगा शेजारी उकिडवा बसून पाहत होता. माझे शिक्षण मॅट्रिकचे, पण इतका चांगला तास मी माझ्या शाळेतही फार घेतलेले नाहीत.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि जुन्या पत्र्याला आतून गंज चढतो. तेव्हा अशा टाक्या गळतच राहणार, आणि दाजींसारखे लोक त्या घेऊन एमआयडीसीत येतच राहणार.

तिसऱ्या दिवशी दाजींनी नोटा मोजल्या आणि घासाघीस करून शंभर रुपये मागे ठेवले. ते मी दिले. भाऊबीजेच्या ओवाळणीत मी तेवढे कमी घालणार आहे. ताईने ते आपल्या घरधन्याकडून वसूल करावेत, हे तिला इथेच छापून कळवतो.